चमचे

दोसिंदाने चमचे कुलपात घातले तेव्हा
ब्राइस एकोणीस वर्षांचा होता.
आधी दोन नाहीसे झाले. मग चार.
मग एक सापडला, न्हाणीघराच्या खिडकीमागे,
तळ काजळलेला.
तिने तो घासला. वाळूने, राखेने, शेवटी नखांनी.
आणि सगळेच उचलून बिस्किटांच्या डब्यात,
डबा कपाटात, किल्ली गळ्यात.

तेव्हापासून आम्ही सूप पाव बुडवून खाल्लं
किंवा वाडगा तोंडाला लावून.
पाहुणे येत नव्हतेच,
त्यामुळे कुणी विचारलं नाही.

माझा धंदा शिणाण्यांचा.
गालिसियाच्या या खाडीत निलगिरीच्या ओंडक्यांचा तराफा,
त्याला पाचशे दोर,
दोरादोराला हजारो काळी शिंपलं.
आम्ही जीव टांगणीला लावतो तो असा, पोटासाठी.
घरी माझा लागलेला असायचा
दाराच्या कडीला, रात्री तीनपर्यंत.

दर गुरुवारी मासळीच्या लिलावघराच्या माडीवर
आठ-दहा आईबाप बसतात.
ओब्दुलिया कॉफी ओतते. ती शाळेत नर्स होती.
तिचा मुलगा चौऱ्याण्णव साली गेला,
बरोबरीच्या पोरांचे केस आता पांढरे झालेत,
हे ती बस चुकल्यासारखं सांगते.
पहिले तीन गुरुवार मी कपाकडे बघत बसलो.
चौथ्याला म्हणालो,
मी रोज सकाळी त्याच्या डोळ्यातली बाहुली बघतो.
टाचणीच्या टोकाएवढी असली की कळतं.
"आणि मोठी असली तर?"
तर उद्या बघतो.
कोपऱ्यातला एक जण हसला. मग मीही,
काटा अडकल्यासारखा.
"बाहुलीच्या भोवती माणूस असतो," ती म्हणाली,
"तोही बघत जा अधूनमधून,"
आणि साखर पुढे सरकवली.

मेथाडोन सुरू झालं. सात महिने बरे गेले.
कार्मेनच्या जत्रेला होड्यांना पताका लागल्या
आणि तो घसरला.
झुरिकहून साबेलाचा फोन आला, त्याच्या बहिणीचा:
पैसे पाठवणार नाही, एक फ्रँकही नाही.
रविवारी त्याने फोन करावा.
मी उचलेन.
दोसिंदा म्हणाली, दगड आहे पोरगी.
पण रविवारी
फोन तिनेच त्याच्या हातात दिला.

पुन्हा पहिल्यापासून. आता दिवस मोजत नाही कुणी,
तो मोजत असेल.

शिणाणे अर्धे वाढले की दोर वर ओढावे लागतात.
दाटी झालेली असते, एकमेकांना गुदमरवत असतात.
सगळे खरवडून काढायचे, नव्या दोरांवर विरळ लावायचे,
वरून सुती जाळी गुंडाळायची.
फेब्रुवारीत ब्राइस आला माझ्याबरोबर.
हात थरथरत होते, थंडीने की कशाने,
विचारलं नाही मी.
जाळी आठवड्यात विरघळते, मी सांगितलं,
तोवर त्यांनी स्वतः दोर धरायला हवा.
"आणि नाही धरला तर?"
काही पडतात.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, इथे गाठ सैल आहे, बाबा.
होती. माझीच.

त्या रात्री टेबलावर सूप होतं, कोबीचं,
तीन वाडगे
आणि एक चमचा.
दोसिंदा पाठमोरी, उगाचच चूल पुसत.
आम्ही कुणीच हात लावेना.
शेवटी ब्राइसने उचलला, उलटा केला,
तळ पाहिला. आतून वितळल्यासारखा त्याचा चेहरा.
खाल्लं. माझ्याकडे दिला. मी खाल्लं.
आईकडे दिला.
सूप निवलं होतं, मीठही कमी होतं,
पण वाडगे रिकामे झाले.

चमचा त्यानेच धुतला, पुसला, आईपुढे धरला.
तिने गळ्यातली किल्ली काढली, डबा उघडला,
चमचा आत ठेवला, कुलूप लावलं.
तो काही बोलला नाही. वाईट वाटलं असेल.
मलाही वाटलं.

सकाळी मी उठलो तेव्हा तो कॉफी करत होता,
हाताच्या बोटाने साखर ढवळत,
भाजलं म्हणून शिवी हासडत.
बाहुली बघायची राहूनच गेली.
दुपारी लक्षात आलं, तराफ्यावर,
आणि पोटात गोळा आला पुन्हा.